रोपवाटिका परिषदेला पहिल्यांदा जाताना: पाण्याचा रिपोर्ट सोबत ठेवा

माझ्या पहिल्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसने एक रोपवाटिका बघायला निघालो होतो. शेजारी एक वयस्कर नर्सरीवाले बसले होते. मी त्यांना मोबाइलवर माझ्या पेटुनियाचे फोटो दाखवले. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खत बदलून झालं होतं, माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरतात ते मिश्रण) बदलून झालं होतं, फवारण्यांची तर मोजदाद नव्हती. त्यांनी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि विचारलं, "पाण्याचा रिपोर्ट आहे का?"

नव्हता.

"मग मी सांगू तरी काय, ताई?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर पाणी तपासून घेतलं. बायकार्बोनेट भरपूर निघाले. असं पाणी रोज दिलं की कुंडीतल्या माध्यमाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) हळूहळू चढत जातो. तो ६.५ च्या वर गेला की माध्यमात लोह असूनही रोपाला उचलता येत नाही, आणि पेटुनियासारख्या नाजूक रोपावर ते सगळ्यात आधी दिसतं. हा रिपोर्ट तेव्हा पिशवीत असता तर उत्तर त्या बसमध्येच मिळालं असतं. तसं झालं नाही आणि माझा आणखी एक हंगाम गेला.

त्यानंतर मी बऱ्याच परिषदांना गेले. तिथे मिळणारी माहिती खरी असते, पण ती सांगणाऱ्याच्या पाण्यातली, उन्हातली आणि माध्यमातली असते. आपले आकडे समोर ठेवल्याशिवाय ती आपल्या उपयोगाची होत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी परिषदेचा प्रकार ओळखा

"परिषद" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली व्यापारी प्रदर्शनं. जर्मनीतल्या एसेन शहरात जानेवारीत भरणारं आयपीएम किंवा अमेरिकेतल्या कोलंबसला जुलैत होणारं कल्टिव्हेट ही त्यातली मोठी नावं. दालनंच्या दालनं स्टॉल, नव्या जाती, यंत्रं, कुंड्या, आणि मुख्य काम सौदे. दुसरा प्रकार रोपं तयार करणाऱ्यांच्या ज्ञानसभांचा. आंतरराष्ट्रीय वनस्पती प्रवर्धक संस्था १९५१ पासून अशा सभा घेते. शोधायचं आणि सापडलेलं वाटायचं, हेच तिचं ब्रीद आहे. तिसरा प्रकार व्यावसायिक संघटनांच्या वार्षिक अधिवेशनांचा. तिथे कायदे, कर, मनुष्यबळ आणि निवडणुका यांवर जास्त बोललं जातं.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुसरा प्रकार निवडा, किंवा निदान ज्या कार्यक्रमात रोपवाटिकांच्या भेटी आहेत असा निवडा. मोठ्या प्रदर्शनात नवखा माणूस दिपून जातो आणि हातात कॅटलॉगांशिवाय काही राहत नाही. तिथे दुसऱ्या वर्षी जा.

२. तीन प्रश्न आकड्यांसह लिहून काढा

"माझी कटिंग मरतात, काय करू?" या प्रश्नाला कुणीही भलं उत्तर देऊ शकत नाही. तोच प्रश्न असा लिहा: "जास्वंदीची अर्धपक्व छाट कलमं. कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं. धुकं (नळीतून सोडलेले बारीक तुषार) दर १० मिनिटांनी ८ सेकंद. साधारण अठराव्या दिवशी १०० पैकी ३० बुडाशी काळी पडतात. कडेच्या ट्रेमध्ये कमी, मधल्या ट्रेमध्ये जास्त." आता ऐकणारा लगेच विचारेल की मधल्या भागात हवा खेळते का, धुकं रात्रीही चालू असतं का. तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

असे तीनच प्रश्न घ्या. एक रोपं तयार करण्याबद्दलचा, एक रोगकिडीचा, एक धंद्याचा. दहा प्रश्न घेऊन गेलात तर एकाचंही उत्तर पदरात पडत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी तीन फोटो ठेवा: पूर्ण ट्रेचा, एका रोपाचा आणि मुळांचा. मुळांचा फोटो बहुतेक जण काढतच नाहीत, आणि जाणकार नेमका तोच मागतात.

३. नोंदणी करताना

लवकर नोंदणी केली तर शुल्कात सवलत मिळते, हे बहुतेकांना माहीत असतं. बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: कार्यशाळा आणि रोपवाटिका भेटी यांची नोंदणी बहुधा स्वतंत्र असते. बसमध्ये जागा मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात. मुख्य परिषदेची पावती मिळाली म्हणजे भेटीत नाव लागलं असं समजू नका. पावतीवर काय काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचा.

व्यापारी प्रदर्शनांत अनेकदा फक्त व्यवसायातल्या लोकांनाच प्रवेश असतो. नोंदणीच्या वेळी व्यवसायाचा पुरावा मागतात. विद्यार्थी असाल किंवा नुकतीच सुरुवात केली असेल तर आयोजकांना आधीच लिहून विचारा. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वेगळं, कमी शुल्क असतं.

दोन फसवणुकी हमखास होतात. नोंदणी झाल्यावर "आम्ही परिषदेचे अधिकृत हॉटेल भागीदार आहोत, आजच खोली पक्की करा" असे फोन किंवा ईमेल येतात. आयोजकांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं नाव नसेल तर कार्डाचा क्रमांक देऊ नका. दुसरी फसवणूक म्हणजे "परिषदेला येणाऱ्या सगळ्यांची यादी विकत घ्या". माझ्याकडे अशी पत्रं जवळजवळ दर वेळी येतात. सरळ काढून टाका.

४. कागदपत्रं आणि पिशवी

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- नोंदणीची पावती किंवा क्यूआर कोड, मोबाइलवर आणि कागदावरही
- फोटो असलेलं ओळखपत्र
- व्यवसाय नोंदणीचा पुरावा
- भेटकार्डं (व्हिजिटिंग कार्डं), लागतील असं वाटतं त्यापेक्षा दुप्पट
- पाण्याचा रिपोर्ट: सामू, विद्युत वाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते यावरून कळतं), बायकार्बोनेट, कॅल्शियम, सोडियम
- शक्य असेल तर माध्यमाचाही रिपोर्ट
- परदेशात जाणार असाल तर पासपोर्ट, व्हिसा, आयोजकांचं निमंत्रण पत्र आणि प्रवास विमा

निमंत्रण पत्र मागितल्यावर यायला वेळ लागतो आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज अडू शकतो. नोंदणीच्या दिवशीच ते मागून घ्या.

साहित्य थोडंच पुरतं. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, खिशात मावणारी वही, पेन्सिल (धुक्याच्या खोलीत शाईचं पेन फिस्कटतं), मोजपट्टी, मोबाइलची जादा बॅटरी, पाण्याची बाटली. बूट जुने, सरावाचे घाला. दालनातली फरशी दिवसभरात पायांचा कस काढते. शेतभेटीसाठी दुसरा जोड ठेवा, आणि तो का लागतो ते आठव्या पायरीत सांगितलं आहे.

आपल्या आजारी रोपाची फांदी मात्र पिशवीत घालून नेऊ नका. हेतू चांगला असला तरी शेकडो नर्सरीवाल्यांच्या गर्दीत तुम्ही रोग घेऊन शिरता. फोटो पुरेसे आहेत. प्रत्यक्ष नमुना लागलाच तर तो प्रयोगशाळेत, तिच्या पद्धतीने पाठवायचा.

५. वेळापत्रक अर्धंच भरा

कार्यक्रमपत्रिका हातात आली की सगळंच ऐकावंसं वाटतं. एकाच वेळी तीन दालनांत तीन व्याख्यानं असतात. तुमच्या तीन प्रश्नांशी ज्यांचा संबंध आहे त्यांवर खूण करा, बाकीची सोडून द्या. दिवसाला तीन किंवा चार व्याख्यानं पुष्कळ झाली.

व्याख्यानात एखाद्या प्रयोगाचे आकडे दाखवले की वक्त्याला विचारा: पाण्याचा सामू किती होता, तापमान किती, कोणत्या महिन्यात केलं, आणि तुलनेसाठी काही न बदललेली रोपं ठेवली होती का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवीन द्रावण दिल्यावर रोपं छान वाढली, एवढ्याने काही ठरत नाही. न देताही ती तितकीच वाढली असती का, ते कळायला हवं.

जेवणाच्या वेळी ओळखीच्या लोकांच्या टेबलावर बसू नका. हे जड जातं, मलाही जातं. अनोळखी टेबलावर बसा आणि शेजारच्याला विचारा, "यंदा तुमच्याकडे काय बिघडलं?" आपण भाव विचारला, गिऱ्हाईक कोण ते विचारलं, तर माणूस मिटून घेतो. बिघाडाबद्दल विचारलं की मोकळा होतो, कारण त्याचाही तो जिव्हाळ्याचा विषय असतो. मला सगळ्यात कामाची माहिती अशीच, ताट समोर असताना मिळाली आहे.

६. प्रदर्शनाच्या दालनात

पहिली फेरी हात मोकळे ठेवून मारा. काही विचारायचं नाही, काही उचलायचं नाही, फक्त नकाशावर खुणा करायच्या. दुसऱ्या फेरीत खुणा केलेल्या ठिकाणीच थांबा. पहिल्या दिवशीची सकाळ फार गर्दीची असते. सविस्तर बोलायचं तर शेवटच्या दिवशी दुपारी जा, स्टॉलवरचे लोक तेव्हा निवांत असतात.

रोप बघताना फुलाकडे शेवटी बघा. स्टॉलवरचं फूल नेहमीच सुंदर असतं. "मुळं बघू का?" असं विचारा. हो म्हणाले तर कुंडी एका हाताने आडवी धरायची, दुसऱ्या हाताची बोटं खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर ठेवायची आणि बूड हलकेच थोपटायचं. चांगल्या रोपाचा मुळं-मातीचा गड्डा अखंड बाहेर येतो. मुळांची टोकं पांढरी असतात, ती चहूबाजूंनी पसरलेली असतात आणि त्यांना ओल्या मातीचा वास येतो. मुळं तपकिरी असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा राहत असेल, तर ती कुज आहे. आणि मुळं कुंडीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरली असतील तर ते रोप कुंडीत फार दिवस राहिलंय. झुडपं आणि वृक्षांच्या बाबतीत ही गोल फिरलेली मुळं पुढे वर्षानुवर्षं तशीच राहतात, जाड होतात आणि खोड आवळतात. बघून झाल्यावर गड्डा होता तसा परत बसवा आणि आभार माना. विचारल्यावर नाही म्हणणारे थोडे. पण न विचारता हात लावलात तर राग येतो, आणि तो रास्त आहे.

माध्यम विकणाऱ्याला विचारा: कोकोपीट नुसतं धुतलेलं आहे की कॅल्शियम नायट्रेटने बफर केलेलं, म्हणजे त्या द्रावणात भिजवून आधीच कॅल्शियम धरायला लावलेलं? नारळाच्या भुश्यात पोटॅशियम आणि सोडियम धरून ठेवलेले असतात. बफर न केलेलं कोकोपीट रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतःकडे ओढतं आणि पोटॅशियम-सोडियम सोडत राहतं. धुतलेलं आणि बफर केलेलं या दोन गोष्टी एकच असल्यासारखं बोलणारे विक्रेते भेटतात. विद्युत वाहकतेचा आकडा लेखी मागा.

तयार छोटी रोपं घेणार असाल तर ट्रेमध्ये खण किती, ते आवर्जून विचारा. २८८ खणांच्या ट्रेमधलं रोप आणि ७२ खणांच्या ट्रेमधलं रोप यांचा भाव शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. लहान खणातलं रोप स्वस्त पडतं, पण तुमच्याकडे ते जास्त आठवडे जागा अडवतं, आणि लहान खण तासांत वाळतो. किमान किती रोपं घ्यावी लागतात, पोहोचल्यावर मेलेली रोपं कोण भरून देणार, किती तासांत कळवायचं, हे सगळं ऑर्डरच्या आधी विचारायचं असतं.

पहिल्या दिवशी ऑर्डर देऊ नका. "फक्त आजच सवलत" असं सांगितलं तरी नाही. "एक रात्र विचार करून सांगते" एवढं म्हणायला हरकत नसते.

७. जातीचं खरं नाव लिहून घ्या

पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ते बहुधा विक्रीचं नाव. जातीचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं, आणि शास्त्रीय नावापुढे एकेरी अवतरणात लिहितात ते हे. 'नॉक आउट' म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेल्या गुलाबाचं जातीचं नाव 'रॅड्राझ' आहे. तुम्ही फक्त विक्रीचं नाव टिपलंत तर एकच जात दोन नावांनी दोनदा मागवण्याची वेळ येते.

यात हक्काचाही प्रश्न आहे. नव्या जातींवर पैदासकाराचा, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचा, हक्क असू शकतो. त्यासाठी १९६१ मध्ये यूपोव्ह हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या १९९१ च्या सुधारित रूपानुसार हे संरक्षण किमान २० वर्षं, आणि वृक्ष व वेलींसाठी किमान २५ वर्षं असतं. म्हणजे एक कुंडी विकत घेऊन तिच्यापासून शंभर कलमं करून विकणं बेकायदा ठरू शकतं. स्टॉलवर थेट विचारा: ही जात संरक्षित आहे का, परवाना कुणाकडून मिळतो, रॉयल्टी प्रत्येक रोपामागे की लेबलामागे? यात संकोच वाटायचं कारण नाही. परवान्याबद्दल विचारणारा माणूस विक्रेत्याला भरवशाचा वाटतो.

८. रोपवाटिका भेट: सगळ्यात मोलाचा दिवस

बसमधून उतरल्यावर सगळे फुललेल्या पॉलिहाऊसकडे धावतात. तुम्ही आधी चार जागा बघा: पाणी येतं कुठून, माध्यम साठवतात कुठे, फेकलेली रोपं जातात कुठे, आणि नवीन आलेला माल उतरतो कुठे.

माध्यमाचा ढीग उघड्या मातीवर आहे की फरशीवर, झाकलेला आहे की नाही, यावरून तिथे मर रोगाची काय स्थिती असेल याचा अंदाज येतो. उंच बाकांखालची जमीन बघा. तण आणि शेवाळ असेल तर तिथे फंगस नॅटच्या छोट्या काळ्या माश्या असतातच. पाण्याच्या नळीचं तोंड जमिनीवर पडलेलं आहे की आकड्याला टांगलेलं? जमिनीवर पडलेल्या तोंडाला लागलेली माती पुढच्या पाण्याबरोबर प्रत्येक कुंडीत जाते. मी एका रोपवाटिकेत प्रत्येक खांबाला नळीसाठी आकडा लावलेला पाहिला. मोठमोठी यंत्रं होती तिथे, पण घरी येऊन मी आधी आकडे लावले.

आता बुटांचं. रोपवाटिकांच्या वाटांवरची माती बुटांना लागून दुसरीकडे जाते. फायटोप्थोरा रॅमोरम नावाचा रोगकारक कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन अशा शोभेच्या रोपांच्या व्यापारातून दूरवर पोहोचला, आणि तो चिखलाबरोबरही पसरतो. म्हणून भेटीचे बूट वेगळे ठेवा, आधी घासून धुवा, दारात पाय बुडवायचं द्रावण असेल तर त्यात खरंच पाय बुडवा, आणि परतल्यावर पुन्हा धुवा. तेच बूट घालून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शेडमध्ये शिरू नका. याबाबतीत मी फार आग्रही आहे. पाहुण्यांना आपली रोपवाटिका मोकळेपणाने दाखवणाऱ्या माणसाचं आपण एवढं तरी देणं लागतो.

फोटो काढण्याआधी विचारा. तिथल्या कामगारांशी बोला. कलमं करणाऱ्या बाईंना विचारा की त्या तासाला किती करतात, चाकू किती कलमांनंतर पुसतात. मालकाला जे आठवत नाही ते त्यांच्या हातात असतं.

९. रोप, बी, फांदी काहीही खिशातून आणू नका

मोह होतो. कुणीतरी प्रेमाने एक काडी देतं. दुसऱ्या देशातून येत असाल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती आणता येत नाही, आणि बऱ्याच वेळा आधी आयात परवानाही लागतो. त्यामागे कारण आहे. झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू २०१३ मध्ये इटलीच्या पुलिया भागातल्या ऑलिव्हमध्ये सापडला आणि तिथले शेकडो वर्षं जुने वृक्ष वाळून गेले. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, रस शोषणारे कीटक त्याला पसरवतात, आणि अनेक वनस्पतींत तो काही लक्षण न दाखवता असतो. काडी हिरवीगार दिसते म्हणून निरोगी असते असं नाही.

हवं ते रोप रीतसर मागवा. वेळ लागतो, लागू द्या.

१०. त्याच रात्री टिपणं पूर्ण करा

खोलीवर आलात की झोपण्याआधी अर्धा तास. भेटकार्डाच्या पाठीवर लिहा: हा माणूस कुठे भेटला, कशाबद्दल बोललो, मी काय पाठवायचं कबूल केलं. दोन दिवसांनी वीस कार्डं सारखीच दिसतात. वहीत "ऐकलं" आणि "पाहिलं" असे दोन रकाने करा. ऐकलेल्या गोष्टीसमोर सांगणाऱ्याचं नाव लिहा, म्हणजे शंका आली तर विचारता येतं.

११. परतल्यावर

आठवड्याच्या आत ज्यांच्याशी नीट बोलणं झालं त्यांना दोन ओळी पाठवा. कबूल केलेला फोटो, रिपोर्ट जोडा.

रीतसर मागवलेली रोपं आली की ती थेट बाकीच्या रोपांत मिसळू नका. वेगळ्या जागी, वेगळ्या नळीने पाणी देऊन, तीन ते चार आठवडे ठेवा. रोज पानांच्या खालची बाजू भिंगाने बघा. पांढरी माशी, कोळी, पिठ्या ढेकूण यांची अंडी उबून किडी डोळ्यांना दिसेपर्यंत तेवढे दिवस जातात. या रोपांचं काम दिवसाच्या शेवटी करा, म्हणजे तिथून परत मुख्य शेडमध्ये जावं लागत नाही.

नवीन पद्धत सगळ्या मालावर लावू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाण्याचं उत्तर मिळाल्यावर मी पेटुनियाच्या ४० कुंड्यांना आम्ल मिसळून बायकार्बोनेट कमी केलेलं पाणी दिलं आणि शेजारच्या ४० कुंड्यांना नेहमीचं. माध्यम तेच, खत तेच, बाक तोच. (आम्लाचं प्रमाण पाण्याच्या रिपोर्टवरून काढतात. ते जाणकाराकडून काढून घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही.) आठवड्याला दोन्हीकडच्या पाच-पाच कुंड्यांतून निथळलेल्या पाण्याचा सामू मोजून वहीत लिहिला. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या गटाची नवीन पानं हिरवी यायला लागली. दुसऱ्या गटाची पिवळीच राहिली. दोन्ही ट्रे शेजारी ठेवून फोटो काढला आणि त्याच दिवशी बसमधल्या त्या काकांना पाठवला, सोबत पाण्याचा रिपोर्ट जोडून.